चिचो हारालांपींची चौकट

"हे वाचायचं तर आता औषधाच्या दुकानातला माणूसच बोलवायला हवा."

लिफ्टमध्ये माझ्या मानेमागे कुणीतरी पुटपुटलं. आमच्या लिफ्टवर 'चार माणसं' असं लिहिलेलं आहे. ती चार माणसं कारखानदाराने कुठल्या देशात बघितली होती देव जाणे. आम्ही तिघं चढलो की चौथ्याला आधी श्वास सोडावा लागतो आणि मग आत यावं लागतं. त्यामुळे मागे वळून बघायची सोय नव्हती, आणि गरजही नव्हती. लसूण आणि पेपरमिंटच्या गोळ्या असा एकत्र वास तिसऱ्या मजल्यावरच्या लेल्या दोच्कांचाच. लेल्या म्हणजे मावशी. त्या माझ्या कुणी लागत नाहीत. पण आमच्या इमारतीत जिने तुम्हाला न विचारता खोकल्यावर औषध सांगितलं ती मावशी, असा साधा नियम आहे.

त्या ज्याच्यावर पुटपुटत होत्या तो कागद समोर आरशावर चिकटवलेला होता. खाली सही चिचो हारालांपींची, म्हणजे आमच्या 'ब' जिन्याच्या व्यवस्थापकांची. चिचो म्हणजे काका. अक्षरं एकमेकांच्या खांद्यावर चढलेली. मधल्या दोन ओळी एकाच जागी लिहिलेल्या. शेवटची ओळ तर कागद संपल्यावरही थांबली नव्हती. ती तशीच पुढे आरशावर गेली होती.

"बुधवारी पाणी जाणार म्हणतायत," मी म्हणाले.

"शुक्रवारही असेल," लेल्या दोच्का म्हणाल्या.

आठव्या मजल्यावरचे इंजिनियर बोझिनोव निवृत्त आहेत, पण मत द्यायचं काम त्यांनी सोडलेलं नाही. ते आरशावरच्या ओळीकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "पेन वाईट आहे."

"हो ना," लेल्या दोच्का म्हणाल्या, "हल्लीची पेनंच वाईट."

मीही मान डोलावली. पेनच. दुसरं काय असणार?

चिचो हारालांपी गेर्चेव आयुष्यभर भिंगांच्या कारखान्यात तपासनीस होते. भिंग उजेडाकडे धरायचं, एकदा बघायचं, की ओरखडा सापडलाच. कारखान्यात म्हणायचे, हारालांपीच्या नजरेतून देवसुद्धा सुटणार नाही. पुढे कारखाना बंद पडला आणि ती नजर आमच्या जिन्यावर आली. कुणी बादली चुकीच्या नळाखाली लावली, कुणी सायकल कठड्याला बांधली, सगळं त्यांना दिसायचं. ओरडायचे, आणि मग तुमचा फ्रिज स्वतःच्या पाठीवर घेऊन सहाव्या मजल्यावर चढवायचे. माझी सासू आजारी होती त्या हिवाळ्यात रोज सकाळी प्रवेशदारासमोरचा बर्फ कोण काढून जातं हे मला मार्चमध्ये कळलं.

आणि आता त्यांना दिसत नव्हतं. डोळ्यांत मोतीबिंदू पिकून पांढरा झाला होता. समोरून येणाऱ्या कुणालाही तो दिसायचा, फक्त ज्याच्या डोळ्यात होता त्याला मान्य नव्हता. तरीही दर रविवारी ते जुनी लाडा गाडी काढून गावाकडच्या मधमाश्यांच्या पेट्या बघायला जायचे. रविवारी सकाळी आमच्या गल्लीत सगळ्यांनाच घरात कामं निघायची. महिन्यातून एकदा शिडी लावून गच्चीवर चढायचे. लेल्या नेवेना, त्यांची बायको, तोवर शिडीचा पाय धरून डोळे मिटून उभ्या राहायच्या. एक दिवस हा माणूस शिडीवरून पडणार, नाहीतर कुणाला तरी चाकाखाली घेणार, हे जिन्यात सगळ्यांना ठाऊक होतं. लेल्या दोच्कांचे दोन्ही डोळे अर्ध्या तासाच्या शस्त्रक्रियेत लख्ख झाले होते. ती हकीकत त्यांनी भाजीवाल्याला, पोस्टमनला, इतकंच काय माझ्या मांजरालाही सांगितली होती. एका हारालांपींना सोडून.

माझ्या नवऱ्याने, क्रासीने, एकदा प्रयत्न केला. "चिचो, चष्म्याचा नंबर एकदा..." एवढंच तो म्हणाला. लगेच उत्तर आलं, "मी आयुष्यभर लोकांचे नंबर तपासलेत, पोरा! माझा कोण तपासणार?" क्रासी मधाच्या दोन बरण्या घेऊन परत आला. बरण्या का घेतल्या ते त्यालाही सांगता येईना.

तेव्हा जिन्याने ठरवलं की पेन बदलायचं. आणि पेन म्हणजे मी.

शिवणकारखाना बंद झाल्यावर मी स्वयंपाकघराच्या टेबलावर, पाहून-चुकून, वेबपानं बनवायला शिकले. आता एका दंतवैद्याचं आणि एका लोणचीवाल्याचं पान माझ्याकडे आहे. इंजिनियर बोझिनोव त्याला 'तुमचं ते विणकाम' म्हणतात. तरी तेच म्हणाले, "जिन्याचं एक पान करून द्या. हारालांपी टाइप करतील, अक्षर सुवाच्य येईल, प्रश्न मिटेल." चिचोंना टाइपरायटरची जुनी सवय होती, बोटांना कळा पाठ होत्या. सगळ्यांना हायसं वाटलं. इतकी माणसं एका वाक्याला वळसा घालून इतक्या आनंदाने चालताना मी पूर्वी पाहिली नव्हती.

काम खरंच लहान होतं. बानित्सा, म्हणजे चीजचा थरांचा पदार्थ, करायला बाजारात तयार पापुद्रे मिळतात, तसे मी ज्या सामग्रीवर पानं बांधते तिच्यात तयार भाग मिळतात. त्यातलाच एक म्हणजे जागच्या जागी बदलता येणारा मजकूर. पडद्यावर साधी ओळ दिसते. तिच्यावर टिचकी मारली की ती लिहायची चौकट होते. लिहायचं, बाहेर कुठेही टिचकी मारायची, की चौकट मिटते आणि मजकूर जपला जातो. माहितीपत्रकात म्हटलं होतं, हे तीन ओळींत होतं. 'तीन ओळींत होतं' असं लिहिणाऱ्या माणसाने आयुष्यात कधी शेजाऱ्यासाठी काही केलेलं नसतं, हे माझं आता ठाम मत आहे.

पहिल्या दिवशी मी चिचोंच्या घरी, दुसऱ्या मजल्यावर, त्यांच्या शेजारी बसले. मागे लेल्या नेवेना नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या.

"कुठंय?" चिचो म्हणाले.

"ही काय, चिचो, ओळीवर टिचकी मारा."

"ओळ असेल गं. चौकट कुठंय?"

"टिचकी मारली की चौकट येते."

"म्हणजे दार कुठंय ते आत गेल्यावर कळणार? असलं घर कुणी बांधलं?"

मी फिकट राखी रेघ दिली. "कुठंय?" गडद राखी दिली. "हां, काहीतरी आहे," म्हणाले आणि चौकटीच्या चार बोटं डावीकडे टिचकी मारली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की लेल्या नेवेनांचा खांद्यावरचा हात नुसता ठेवलेला नव्हता. बाण चौकटीवर आला की त्या खांदा हलकेच दाबायच्या, आणि चिचो टिचकी मारायचे. मी नेवेनांकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. मीही बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

पहिली सूचना आली आणि माझी अब्रू गेली. 'गुरुवारी सकाळी पाणी बंद' एवढंच लिहायचं होतं. जिन्याला मिळाली ती नुसती अक्षरांची कोशिंबीर. लोकांनी मंगळवारपासून न्हाणीतली टबं भरून ठेवली. आठवडाभर सगळी इमारत लोणच्याच्या बरणीसारखी शांत आणि आंबट तोंडाची.

यात खोट माझी होती, नाही म्हणत नाही. चिचो ओळीच्या मध्ये काही सुधारायला गेले की पहिलं अक्षर जागेवर पडायचं आणि कर्सर उडी मारून ओळीच्या टोकाला जाऊन बसायचा. उरलेलं सगळं बिऱ्हाड तिकडे. प्रत्येक अक्षरागणिक माझी सामग्री ती चौकट पुसून नवी काढत होती, आणि नव्या चौकटीला कर्सर आधी कुठे होता याची आठवण नव्हती. हे शोधायला मला इतके दिवस लागले की क्रासी सकाळ-संध्याकाळ स्वतः अंडी तळायला शिकला. शेवटी सापडलं. चौकट मऊ सुतासारखी चालायला लागली. मी स्वतःच तीत एक आख्खा परिच्छेद लिहून, खोडून, मधूनच सुधारून पाहिला. एकदाही उडी नाही. आनंदाने मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी चिचोंनी सूचना लिहिली. पुन्हा कोशिंबीर.

आता खोट माझी नव्हती; सुधारायला जाताना चिचो भलत्याच शब्दात टिचकी मारत होते. पण हे सांगणार कुणाला आणि कसं?

"प्रोग्रामच वाईट आहे," लिफ्टमध्ये इंजिनियर बोझिनोव म्हणाले. मी त्यांच्या शेजारीच उभी होते. त्या लिफ्टमध्ये शेजारी नसण्याची सोयच नाही.

"हल्लीचे प्रोग्रामच वाईट," लेल्या दोच्का म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून प्रेमाने हसल्या. "तुझा दोष नाही गं, रुम्याना. तू कुठे शिकलेली आहेस?"

माझी जीभ टोकापर्यंत आली होती. मी ती चावली. कारण खरं बोलले असते तर माझी चौकट निर्दोष सुटली असती आणि चिचोंना शिक्षा झाली असती. म्हणून मी म्हणाले, "हो, थोडं काम राहिलंय अजून." अशा तऱ्हेने मी पेन झाले.

मग सल्ले सुरू झाले. सल्ल्यांचं असं असतं, की एकाने दिला की दुसऱ्याला न देणं अपमान वाटतो. "अक्षरं मोठी कर," असं तिसऱ्या मजल्याने सांगितलं. केली. "अजून मोठी." केली, आता चौकटीत पाच-सहा शब्दांपलीकडे काही मावेना. "कडेला फुलं काढ, माणूस प्रसन्न होतो," असं चौथा मजला म्हणाला; ते मी ऐकलं नाही असं केलं. चिचो स्वतः म्हणाले, "सूचना कुणाची ते कळायला हवं. माझा फोटो लाव. नाव घाल." फोटो म्हणून त्यांनी कारखान्याच्या गौरवफलकावरचा आणून दिला: काळा-पांढरा, बंद गळ्याचा शर्ट, चेहरा असा की मागे तुतारी वाजत असावी. मी चौकटीतच लावला. खाली नाव. नावाखाली, शेवटचा बदल कधी झाला ती तारीख आपोआप उमटेल अशी युक्तीही केली. त्या युक्तीचा मला फार अभिमान होता. देवा, कशाकशाचा माणूस अभिमान धरतो.

राहिली रेघ. "कुठंय?" चालूच होतं. तेव्हा रेघेचा प्रश्न थेट जिन्याच्या सर्वसाधारण सभेपुढे गेला. आमची सभा जिन्यातच भरते; माणसं आपापल्या मजल्याच्या पायरीवर बसतात, म्हणजे मानाने. ठराव असा मांडला गेला: सूचना लिहिताना चौकटीची रेघ किती जाड आणि कुठल्या रंगाची असावी. क्रासी निळी म्हणाला. चिचो म्हणाले, "निळं दिसत... निळं मला आवडत नाही."  मग बोझिनोव घाईघाईने म्हणाले, "काळी! काळी सर्वांत भारदस्त." सगळे हात वर गेले. कुणी विचारही केला नाही. त्या क्षणी विषय बदलणारा कुठलाही रंग आम्हाला चालला असता.

मी जाड काळी रेघ दिली. "दिसली!" चिचो म्हणाले. सगळ्या त्या महिन्यांत त्यांच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदा ऐकला.  ती रेघ मी कधीच बारीक करणार नाही असं मी मनाशी ठरवलं.

गोष्ट इथे थांबायला हरकत नव्हती. पण ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांचं काय, असं बोझिनोवांच्या मनात आलं. त्यांच्या मनात काही आलं की ते इतरांच्या अंगावर येतं. खाली प्रवेशदारापाशी एक पडदा लावायचा, म्हणजे चिचो घरी जे लिहितील ते तसंच्या तसं खाली दिसेल. क्रासीच्या जुन्या संगणकाचा पडदा होताच. चिचोंच्या संगणकापासून खिडकीतून वायर खाली सोडली की झालं.

झालं कसलं! नगरपालिकेची परवानगी लागते. खिडकीमागच्या बाईने विचारलं, "जाहिरात आहे का?"

"नाही, सूचनाफलक."

"सूचनाफलक म्हणजे स्थिर मजकूर. तुमचा मजकूर बदलतो का?"

"बदलतो. त्याचसाठी तर..." माझ्यातला कारागीर जागा झाला. "जागच्या जागी बदलता येतो!"

"मग सूचनाफलक नाही. बदलतो तर जाहिरात. जाहिरातीला दर्शनी भिंतीचा नकाशा आणि वास्तुरचनाकाराचं मत."

मी तिला जागच्या जागी बदलता येणाऱ्या मजकुराचं तत्त्व सुरुवातीपासून समजावून सांगितलं. मागे रांग वाढत गेली. शेवटी माझी दया येऊन ती काचेला तोंड लावून हळूच म्हणाली, "हे बघा बाई, परवानगी न लागणारा एकच प्रकार आहे. स्मृतिफलक. त्याखाली घालू का?"

"घाला," मी म्हणाले. माझे पाय दुखत होते.

आणि पडदा लागला. प्रवेशदारी मोकळी जागा एकच होती: काचेचं दार आणि टपालपेट्या यांच्यामधली भिंत. तिथे आमच्याकडे जे सगळीकडे लावतात ते लावलेलं असतं. माणूस गेला की त्याचा फोटो, नाव आणि तारीख काळ्या चौकटीत छापून दारावर चिकटवतात. चाळिसाव्या दिवशी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, वर्षाने पुन्हा. ते कुणी काढत नाही, ऊन-पावसानेच जायचं. दोन जुन्या शेजाऱ्यांच्या मधोमध क्रासीने पडदा ठोकला आणि म्हणाला, "सरळ आहे ना?" मी म्हणाले, "एकदम सरळ."

जानेवारीभर सगळं ठीक चाललं, म्हणजे वाईटच चाललं, पण नेहमीसारखं. चिचो आता चिडचिडे झाले होते. कोशिंबिरीचा दोष ते माझ्यावर घालत, माझ्यावरून क्रासीवर, तिथून लिफ्टवर. लेल्या दोच्कांना तर त्यांनी भर जिन्यात "तू मध्ये बोलू नकोस" म्हटलं. आम्ही सगळे जरा लांबच राहू लागलो.

फेब्रुवारीच्या दहा तारखेला संत हारालांपींचा दिवस, मधमाश्या पाळणाऱ्यांचा सण. नामदिनाला आमच्याकडे कुणी बोलावत नाही. ज्याच्या नावाचा सण त्याचं दार उघडं असतं, आपण फुलं घेऊन जायचं. फुलं विषम संख्येत. जिवंत माणसाला नेहमी विषम, गेलेल्याला सम. हे आमच्याकडे मूल बोलायच्या आधी शिकतं. चिचोंकडे दरवर्षी सगळा जिना जायचा. यंदा कोण जाणार, कोण नाही, याची लिफ्टमध्ये दबकी चर्चा चालू होती.

त्या सकाळी मी प्लॉवदिवला दंतवैद्याकडे गेले होते. पुढचं मी नंतर तुकड्या-तुकड्यांनी जुळवलं. चिचो लिहायला बसले: 'आज लिफ्टवाला येणार, दुपारी लिफ्ट बंद.' नेवेना सणाचा मधाचा पाव मळत होत्या, दोन्ही हात कणकेत. त्यामुळे खांद्यावर हात नव्हता. चिचोंनी चौकट उघडली, जुना मजकूर खोडला. मग चुकून बाहेर टिचकी मारली, पुन्हा चौकट उघडली, आणि एका हाताने कळफलक जरा पुढे ओढताना त्याची वायर निसटली. त्यांनी मग तशीच सगळी सूचना नीट, एकही चूक न करता, कुठेच न जाणाऱ्या कळांवर बडवली. समाधानाने उठले आणि दाढी करायला गेले.

खाली पडद्यावर उरलं ते असं: जाड काळी चौकट. तिच्यात कारखान्याचा गंभीर फोटो. हारालांपी गेर्चेव. दहा फेब्रुवारी. बाकी काही नाही.

लेल्या दोच्का बाजारातून येत होत्या. त्यांनी पाहिलं आणि पिशवी तिथेच टाकली. "काल तर शिडीवर होता!" त्या ओरडल्या.

"म्हणूनच," इंजिनियर बोझिनोव म्हणाले, आणि टोपी काढली.

"आपल्या नामदिनीच गेला बिचारा."

"मोठ्या माणसांचं असंच असतं."

मी दुपारी बसमधून उतरले, दार ढकललं, आणि पडदा पाहिला. ती चौकट माझी होती. तो फोटो मीच कापला होता, ती तारीख माझ्याच युक्तीने उमटली होती. आणि तरीही मला ते खरं वाटलं. मी ओल्या पायरीवर बसले आणि बर्फ काढणाऱ्या त्या फावड्याचा आवाज आठवून हुंदके द्यायला लागले. किती वेळ गेला माहीत नाही. मग डोळे पुसताना मला दिसलं, चौकटीत डाव्या कोपऱ्यात काहीतरी लुकलुकतंय. आहे, नाही. आहे, नाही. कर्सर!

मेलेल्या माणसाच्या चौकटीत कर्सर लुकलुकत नाही. मी उठले, आणि तेवढ्यात वरच्या मजल्यावरून दरवाज्याची घंटा आणि अनेक पावलांचा आवाज आला.

दुसरा मजला मी कसा चढले ते विचारू नका. पोचले तेव्हा उशीर झाला होता. चिचोंचं दार सताड उघडं. समोर सगळा जिना काळ्या कपड्यांत, पुढे इंजिनियर बोझिनोव, हातात तोंड खाली करून धरलेली सहा कार्नेशनची जुडी, त्यांच्या मागे लेल्या दोच्का, हातात झाकलेलं ताट. आणि दारात, गुळगुळीत दाढी केलेले, इस्त्रीचा शर्ट घातलेले, चिचो हारालांपी.

"आलात!" ते म्हणाले. आवाज भरून आला होता. "मी नेवेनाला म्हटलं, यंदा कोणी येणार नाही, मी सगळ्यांवर ओरडलोय. या, या, आत या. बूट राहू देत."

 त्यांना काळे कपडे दिसत नव्हते. लेल्या दोच्कांचा रडून सुजलेला चेहरा दिसत नव्हता. माणसं आली आहेत, एवढंच त्यांना दिसत होतं, आणि त्या आनंदाने त्यांचा चेहरा उजळला होता. आता सांगा, अशा माणसाला कोण म्हणणार की आम्ही तुम्हाला पोचवायला आलो होतो?

"शंभर वर्षं जगा, चिचो," बोझिनोव कसेबसे म्हणाले, आणि मागे हात नेऊन एक कार्नेशन मोडलं. मी ते डोळ्यांनी पाहिलं. ते त्यांनी माझ्या कोटाच्या खिशात खुपसलं. मागच्यांनी ताबडतोब तोच मार्ग धरला. प्रत्येकजण आत शिरताना एकेक फूल मोडत होता. बुटांच्या कपाटावर, छत्रीच्या भांड्यात, क्रासीच्या टोपीत, एकेकटी फुलं साठत गेली. कुणीतरी पुष्पचक्रही आणलं होतं. ते घाईत लिफ्टमध्ये ढकललं. आमची लिफ्ट आपल्या मनाची. ती ते चक्र घेऊन वर गेली, खाली आली, दर मजल्यावर दार उघडून दाखवत राहिली. लिफ्टवाला दुपारी आला तो तसाच परत गेला म्हणतात.

लेल्या नेवेना स्वयंपाकघरातून आल्या, पिठाचे हात पुढे धरून. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, काळ्या रुमालांकडे पाहिलं, फुलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी हाताने हवेत चौकट काढून दाखवली आणि खालच्या दिशेला बोट केलं. त्यांना सगळं कळलं. त्यांनी ओठ मिटले.

आम्ही बसलो. चिचोंनी राकिया, म्हणजे घरची फळांची दारू, ओतली. ओतताना प्रत्येक पेल्याच्या काठात त्यांचं बोट बुडवलेलं होतं, किती भरला ते कळायला. आम्ही सगळे तेव्हा छताकडे बघत होतो. छताची इतकी कसून तपासणी त्या घरात कधी झाली नसेल. लोणची आली, मधाचा पाव मोडला. कुणी विनोद सांगितला. सगळे नको इतकं हसले.

"दोच्के," चिचो म्हणाले, "तुझ्या हातात मघाशी ताट खणखणलं. काय आणलंस?"

"काही नाही... गोड," लेल्या दोच्का पुटपुटल्या आणि ताट मांडीखाली ढकलू लागल्या.

"आण की इकडे! नामदिनाचं गोड लपवतेस?" त्यांनी हात लांब करून ताट ओढलं, चमचा चाचपला, भरला, आणि तोंडात घातला.

उकडलेला गहू. साखर, अक्रोड, वर कोकोचा क्रॉस. गेलेल्या माणसाच्या नावाने वाटतात तो. त्याची चव आमच्याकडे दुसऱ्या कशाचीच नसते.

चिचो चावायचे थांबले. मग सावकाश चावून गिळलं. चमचा ताटात ठेवला. खोलीत फक्त लिफ्टचं दार उघडल्या-मिटल्याचा आवाज.

"कोण गेलं?" ते म्हणाले.

लेल्या दोच्कांनी ताट आपल्याकडे ओढलं.

"मी विचारतोय, आपल्यातलं कोण गेलं? माझा सण म्हणून लपवताय का?"  ते टेबलाला धरून उभे राहिले आणि आमच्या दिशेने तोंड फिरवलं, जरा चुकीच्या दिशेने, कपाटाकडे. "बोझिनोव. बोल."

"आहे," बोझिनोव म्हणाले.

"दोच्का?"

"आहे रे, आहे." त्या रडायला लागल्या.

"क्रासी? रुम्याना कुठंय? रुम्याना!"

"इथेच आहे, चिचो." मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते.

त्यांनी एकेक करून सगळ्यांची नावं घेतली, मजल्यामागून मजला, जशी सभेत हजेरी घ्यायचे तशी. प्रत्येकजण 'आहे' म्हणाला, आणि प्रत्येक 'आहे'नंतर ते त्या आवाजाकडे वळायचे आणि खांद्यावरून थोडंसं ओझं उतरल्यासारखे सैल व्हायचे. शेवटचं नाव झालं. सगळा जिना हजर होता.

"मग कोण?" चिचो म्हणाले. हळू, घाबरलेल्या आवाजात. "सगळे तर आहेत. मग गहू कुणाचा?"

लेल्या नेवेनांनी हात ॲप्रनला पुसले. एकदा, मग पुन्हा एकदा, नीट, बोटाबोटातून. मग त्या टेबलाला वळसा घालून त्यांच्याजवळ गेल्या आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. या वेळी दाबला नाही.

"कोणी गेलं नाही, हारालांपी," त्या म्हणाल्या. "तुला दिसत नाही. एवढंच झालंय."